रबर ठीक हाय

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात तोवर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि इंदापूर-बारामती रस्त्यावर घाईत निघालेल्या माणसाची जिरते. परवाच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी एसटीत बसले. निमगाव केतकी मागे पडलं आणि आमची गाडी एका उसाच्या ट्रॅक्टरमागे जी लागली ती लागलीच. दोन ट्रेलर, त्यांत रचून रचून भरलेला ऊस, बाहेर लोंबणारं पाचट आणि ट्रॅक्टरवर कर्कश वाजणारं गाणं. आमच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवून पाहिला. त्या गाण्यापुढे तो कुणाला ऐकू जाणार? शेजारची बाई म्हणाली, “आता बारामतीपत्तोर ह्यांचीच वरात.” मी मान हलवली आणि डोळे मिटले. पन्नाशीला टेकलेल्या मास्तरणीला आठवडाभर पोरांवर ओरडून झाल्यावर कुणी हळू नेत असेल तर बरंच वाटतं.

लासुर्ण्याच्या पुढे मळीचा वास यायला लागला. नव्या माणसाला तो वास सोसत नाही, नाकाला रुमाल लागतो. आम्हाला तो हंगामाचा वास. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे बारीक कण, रस्त्यावर सांडलेला आणि टायरखाली चिरडलेला ऊस, चिकट झालेलं डांबर, सकाळच्या थंडीत ऊसतोड मजुरांच्या कोप्यांमधून निघणारा धूर. हे सगळं दरवर्षी येतं आणि दरवर्षी मी बारावीत जाऊन बसते. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. त्या वर्षाचं मला अभ्यासातलं काही म्हणजे काही आठवत नाही. एक कॅसेट तेवढी आठवते.

त्या साली दिवाळीला तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ट्रॅक्टरवर डेक बसवला. ऊस वाहतुकीला ट्रॅक्टर लावायचा आणि त्यावर गाणी नाहीत, म्हणजे नवरदेव बिनफेट्याचा. डेक जुनाच होता, कुणाच्या तरी जीपमधून निघालेला. मडगार्डवर दोन स्पीकर आले. पण त्यावर तात्यांची एक कॅसेटही धड वाजून झाली नाही. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात उसाच्या मोळ्या आवळताना दोर तुटला आणि तात्या भरल्या ट्रेलरवरून खाली आले. खुब्याचं हाड मोडलं. बीडकडची ऊसतोड टोळी पणदऱ्याला आमच्या रानात येऊन उतरलेली, त्यांच्या कोप्या उभ्या राहिलेल्या, ट्रॅक्टर दारात, आणि चालवणारा माणूस खाटेवर.

दादा तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात होता. आमच्या घरातली मेंढरं माझ्या जन्माआधीच गेली होती, तात्यांच्या हातून उसाची शेतीही मार्गी लागली होती, पण गावच्या शाळेपलीकडे गेलेला दादाच पहिला. निरोप मिळाला तसा तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला. तात्यांनी खाटेवरूनच सांगितलं, “एवढा हंगाम काढ. कारखाना बंद झाला की दुसऱ्या दिशी पुण्याला जायाचं. परीक्षा बुडवायची न्हाय.”

“व्हय,” दादा म्हणाला.

एवढंच बोलणं. पण त्या हंगामभर आमच्या घरात प्रत्येकजण मनात एकच गोष्ट चघळत होता, हा परत जातो की इथेच राहतो. आई भाकरी थापता थापता थांबायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. विचारत कुणी नव्हतं. ट्रंक त्याने होस्टेलवरच ठेवली होती, त्यामुळे मला धीर होता. ट्रंक तिथे आहे म्हणजे माणूस तिथलाच. येताना त्याने आणलं काय, तर दोन शर्ट, एक पॅन्ट आणि एक कॅसेट.

कॅसेट त्याला शिलाँगच्या रूममेटने भरून दिली होती. वर बॉलपेनने बँडचं नाव लिहिलेलं. ते नाव माझ्या तोंडात अजून नीट बसत नाही, म्हणून लिहीत नाही. परदेशातल्या कुठल्याशा थंड गावातली चार-पाच पोरं आणि त्यांची ही पहिलीवहिली कॅसेट, एवढं दादाने सांगितलं. त्या संगीताला काहीतरी नावही होतं. ते मी ऐकलं आणि सोडून दिलं.

मी पहिल्यांदा ती कॅसेट ऐकली ती सकाळी, मडगार्डवर बसून. कॉलेजची एसटी धरायला तो मला फाट्यापर्यंत सोडायचा. त्याने कॅसेट आत ढकलली. आधी नुसतीच खरखर. मग एक गिटार आली. आली म्हणजे काय, कुणीतरी ओढत आणली. एक सूर वाजवायचा आणि तो विझेपर्यंत थांबायचं. मग ढोलाचा एक ठोका. परत थांबायचं. इतकं थांबल्यावर एक माणूस गायला लागला, तो विहिरीत गाळ काढायला उतरलेल्याने आतून हाका माराव्यात तसा.

“दादा, डेक बिघडला,” मी म्हणाले.

“डेक ठीक हाय. गाणंच असं हाय.”

फाटा आला तरी पहिलं गाणं संपलं नव्हतं.

आईने ते ऐकलं तेव्हा ती गोठ्यात धार काढत होती. तिथूनच तिने विचारलं, “कोण वारलंय रं त्यांच्यात?” दादा खूप दिवसांनी हसला. आमचे आजोबा, आबा, ओसरीवर बसलेले असत. तरुणपणी ते मेंढरांमागे वणवण हिंडलेले आणि जत्रेत धनगरी गजी नाचताना ढोल वाजवणारे. त्यांचा ढोल अजून खुंटीला होता, पण गावातल्या नव्या पोरांना सगळं पळतं लागायचं म्हणून आबा रुसून होते. ते बराच वेळ कान देऊन ऐकत बसले. मग म्हणाले, “दमलाय गडी. लांबनं चालत आलाय. पर ठोका सोडंना.” आबांनी आयुष्यात परदेशी संगीतावर दिलेलं हे एवढंच मत. पुढे मी पुष्कळ शिकलेल्या माणसांची मतं ऐकली, पण आबांच्या मताशी अजून माझं भांडण नाही.

रविवारी मी सायकलवरून दादाचा डबा घेऊन कारखान्यावर जायची. आवारात ट्रॅक्टरांची रांग लागलेली असायची. ऊस उतरवायला नंबर येईस्तोवर दिवस सरायचा. ड्रायव्हर लोक ट्रेलरच्या सावलीत पाय पसरून पडलेले, कुणी ऊस सोलतोय, कुणी पत्ते कुटतोय, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. लावणी, कोळीगीत, हिंदी सिनेमा, भक्तिगीत, सगळी एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी. त्या गोंगाटात दादाचा लाल ट्रॅक्टर लांबूनही कळायचा. त्याच्या भोवती सगळं जरा थांबल्यासारखं वाटायचं.

“इंजिनेर, बॅटरी उतरली का रं?” कुणीतरी ओरडायचं.

“आरं, रेडकू बांधलंय त्यानं डेकमधी!” दुसरा.

दादा भाकरीचा तुकडा मोडता मोडता मान हलवायचा. एकदा लोणी भापकरचा एक ड्रायव्हर स्वतःची कॅसेट घेऊन आला, म्हणाला, ही लावून बघ, डेक बिघडलाय का गाणं, आत्ता कळंल. दादाने डेकवर पंजा ठेवला. “दुसऱ्या टेपनं हेड खराब हुतंय,” म्हणाला. तो माणूस माझ्याकडे बघून हसला आणि गेला. मला दादाचा अभिमानच वाटला. आपला भाऊ पुण्याहून काहीतरी असं घेऊन आलाय की ह्या लोकांना ते झेपत नाही, असं मला वाटायचं. सतरा वर्षांच्या मुलीला अभिमान वाटायला किती पुरतं!

बारामतीत स्टँडच्या मागे शब्बीरभाईंचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. ट्रॅक्टरचा एक स्पीकर फाटला म्हणून आम्ही तिथे गेलो. शब्बीरभाईंनी स्पीकर बदलला आणि वाजतो का बघायला डेक लावला. गिटारचे दोन सूर झाले असतील नसतील, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“रबर ढिलं झालंय. आतलं. मोटार फिरती, पर टेप ओढत न्हाय. पाच मिनिटांचं काम हाय, बदलून देतो.”

“रबर ठीक हाय,” दादा म्हणाला.

“अहो, ऐका की. माणूस झोपेत बोलल्यावाणी बोलतोय.”

“गाणंच असं हाय, भाई.”

शब्बीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ठसक्यात सांगितलं, “असंच असतंय ते. मुद्दाम.” त्यांनी हात जोडले. “असंल बाबा. जगात काय काय निघालंय,” म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

त्या कॅसेटचे चाहते मिळाले ते उसाच्या फडात. टोळीतल्या सुमनबाईचं तान्हं पोर बांधावर साडीच्या झोळीत असायचं. कोयत्यांचा आवाज, पाचट सळसळणं, माणसांची आरडाओरड, ह्यात ते झोपणार कसं? दादा ट्रेलर भरायला येऊन उभा राहिला की सुमनबाई लांबून हाक मारायची, “भाऊ, तेवढं तुमचं रडगाणं लावा की. पोरगं निजतंय त्याच्यावर.” आणि खरंच निजायचं. कमरेत वाकलेल्या त्या बायका मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रेलरवर चढायच्या, उतरायच्या, परत चढायच्या, आणि मागे ते गाणं. मला आठवतं, एकदा मी बांधावर बसून बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की त्यांच्या पावलांना आणि त्या ठोक्याला एकच वेळ लागतोय. कोळीगीतावर कुणी मोळी वाहू शकत नाही. मला त्या दिवशी उगीच रडू आलं.

दादा बदलत गेला. हातांवर उसाच्या पात्यांचे बारीक काप, दाढी वाढलेली, डोळे लाल. घरी आला की ताट समोर येईपर्यंत भिंतीला टेकून झोपायचा. गावातल्या किराणा दुकानात फोन होता, तिथे रूममेटचा फोन यायचा. दादा म्हणायचा, “आता हूँ यार, सीझन खतम होने दे.” सुरुवातीला हे सांगताना तो उभा असायचा. नंतर नंतर दुकानाच्या पायरीवर बसून, फोनची वायर ताणून, तेच वाक्य सांगायचा. माणूस थकतो तेव्हा आधी त्याचे बेत थकतात, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटत होतं, झोप झाली की सगळं जागेवर येईल.

हंगाम लांबला. उन्हं तापली, उसाला तुरे येऊन वाळले, टोळीतली माणसं घरच्या वाटेकडे डोळे लावून बसली. तात्या काठी घेऊन अंगणात उभे राहायला लागले, पण क्लच दाबायला तो पाय उचलत नव्हता. रोज सकाळी ते ट्रॅक्टरजवळ जायचे, टायरवर हात ठेवायचे आणि परत यायचे. दादा हे बघायचा. मी दादाला बघायची.

शेवटच्या खेपेचा दिवस आला. आमच्याकडे शेवटच्या खेपेला ट्रॅक्टर सजवतात. हुडाला हार, ट्रेलरला फुगे, टोळीच्या अंगावर गुलाल, आणि रस्ताभर नाचत नाचत ऊस कारखान्यावर. लोकांनी हजारदा विनवलं तरी दादाने तीच कॅसेट लावली. मग काय, टोळी त्याच्यावरच नाचली. एक पाय उचलायचा, वाट बघायची, मग टाकायचा. गुलालात माखलेली माणसं हसून हसून रस्त्यावर बसली. आबा काठी आपटून म्हणाले, “गजी ह्याच चालीनं नाचायची आसती.” इतका आनंदाचा दिवस त्या सबंध वर्षात दुसरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आईने दादाला शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ट्रॅक्टर दुरुस्तीसाठी बारामतीच्या गॅरेजला लावायचाच होता, म्हणून आम्ही दोघं त्यावरूनच निघालो. तो पुढे पुण्याला जाणार आणि मी एसटीने घरी परतणार. स्टँडमागे शब्बीरभाईंचं दुकान दिसलं आणि मला सुचलं की, डेकला एवढे दिवस सगळ्यांनी नावं ठेवली, आता जाता जाता त्याचं रबर खरंच बदलून बघू. शब्बीरभाईंचीही खात्री होईल. मी म्हणाले आणि खाली उतरून त्यांना हाकही मारली. ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले.

“हात लावायचा न्हाय त्याला!”

दादा इतक्या जोरात ओरडला की रसवंतीवरची माणसं वळून बघायला लागली. आयुष्यात तो माझ्यावर ओरडलेला तेवढाच. शब्बीरभाई होते तिथेच थांबले. दादा खाली उतरला, पिशवी घेतली आणि स्टँडवर जाऊन उभा राहिला. मी मागोमाग गेले. पुण्याची गाडी लागली. “गर्दी हाय, पुढच्या गाडीनं जातो,” म्हणाला. गर्दी कसली, निम्मी गाडी रिकामी होती. पुढची आली. तीही गेली. उन्हं कलली तेव्हा त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “चल.”

आम्ही ट्रॅक्टरवरूनच परत आलो, त्याच गाण्यावर. आईने पिशवीतले लाडू काढून परत डब्यात भरले. तात्या भिंतीकडे तोंड करून झोपले.

तो परीक्षेला बसलाच नाही. ट्रंक पावसाळ्यात एकदा जाऊन घेऊन आला, आणि ती ट्रंक घेऊन मी पुण्याला शिकायला गेले. तिच्या झाकणाच्या आत त्याचं नाव रंगवलेलं होतं, ते मी खरवडलं नाही. होस्टेलवर रोज ते नाव बघत मी ट्रंकेतून कपडे काढायची. पुढच्या दिवाळीत ट्रॅक्टरला नवा डेक आला आणि ती कॅसेट कुठे गेली ते कुणी विचारलं नाही. तात्या पुष्कळ वर्षं जगले, काठी टेकत का होईना पण फडाच्या कडेने हिंडले. दादाने विहीर पाडली, गाई घेतल्या, लग्न केलं. वाईट काही झालं नाही. त्याच्या तोंडून कधी तक्रारही आली नाही. दादा तात्यांसाठी राहिला, असं आम्ही सगळे म्हणत आलो आणि तो ऐकत आला.

परवा त्या ट्रॅक्टरमागून सुटून मी एकदाची पणदऱ्याला पोचले तेव्हा दादाचा मुलगा, आमचा ऋषी, अंगणात गिटार घेऊन बसला होता. तोही आता इंजिनिअरिंगला आहे. मी पाय पसरले आणि रस्त्यातली गंमत सांगता सांगता त्या कॅसेटचं बोलून गेले. बँडचं नाव जमेल तसं सांगितलं. पोरगं ताडकन उभं राहिलं.

“आत्या, खरं सांगतेस? पप्पा हे ऐकायचे? अगं, ही त्यांची पहिली! डूम मेटल म्हणतात ह्याला. ह्यांचं ऐकून जगभरच्या पोरांनी असं वाजवायला घेतलं!”

त्याने मोबाइलवर शोधलं आणि लावलं. दादा पलीकडे दुधाच्या किटल्या धूत होता. खरखर नव्हतीच. गिटार आली, सूर वाजला, आणि पुढचा सूर मी वाट बघायच्या आतच येऊन गेला. हळू होतं, जड होतं, पण चालत होतं. पाय उचलून, नीट. गाणारा विहिरीत नव्हता, काठावर उभा होता.

“ही ती नव्हे,” मी म्हणाले. “ह्याला घाई आहे.”

“हीच ओरिजिनल आहे, आत्या. ह्यांचा वेग हाच.” मग तो हसायला लागला. “तुमचा डेकच स्लो असणार!”

मला शब्बीरभाई आठवले, त्यांचे जोडलेले हात आठवले. मीही हसले. “दादा, ऐकलंस का? शब्बीरभाई खरंच सांगत होते! रबर ढिलंच होतं आपलं!”

दादाने किटली पालथी घातली. “मला ठाव हुतं.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिसापासनं. होस्टेलात रोज ऐकत हुतो मी. मला कळणार न्हाय व्हय?”

“मग बदलू का नाही दिलंस रे? सगळे एवढे हसत होते तुला.”

तो आला आणि कट्ट्यावर बसला. ओल्या हातांचं पाणी निथळू दिलं. बोलला तेव्हा माझ्याकडे किंवा ऋषीकडे बघून बोलला नाही.

“होस्टेलात वाजायची तशी ट्रॅक्टरवर वाजली आसती ना, एक दीस जरी, तर मी गेलो आसतो. तात्याला तसंच सोडून.”

गाणं चालू होतं. ऋषीचं हसू कधीच गेलं होतं. त्याने मोबाइल हातात घेतला आणि हळूच विचारलं, “पप्पा, ह्यात स्पीड कमी करता येतो. तुमच्यासारखं करू?”

दादाने मान हलवली.

“नगं. वाजू दी हाय तशीच. आता कुठं जायाचंय मला.”